दिवाळीनंतरची शाळा : सोलापूरच्या वाड्या-वस्त्यांवर हिवाळ्यात शिक्षकाने ये-जा कशी करावी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून यंदा नेमणूक मिळालेल्या एका शिक्षणसेविकेने विचारले आहे. त्यांचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत त्या रुजू झाल्या आहेत. शाळेचा पट सत्तावीस आहे. पावसाळा निभावला, आता दिवाळीनंतरच्या सत्रात तालुक्याच्या गावाहून रोज बावीस किलोमीटर ये-जा करावी की वस्तीवर खोली घ्यावी, संध्याकाळी एकट्या बाईमाणसाने गृहभेटींना जावे का, दिवाळीनंतर मुले येईनाशी होतात असे सहकारी सांगतात त्याचे काय करावे, आणि दुचाकी कोणती घ्यावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. ‘आमच्याकडे हिवाळा हा सगळ्यांत सोपा ऋतू, इथे सगळे त्याचीच धास्ती का घालतात?’ असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

मॅडम, तुमच्या या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. कोकणात पाऊस वाट अडवतो. ओढे-वहाळ भरले की घर आणि शाळा यांच्यामध्ये पाणी उभे राहते आणि ते ओसरले की सगळे पूर्ववत होते. आमच्या जिल्ह्यात पाऊस मुळात बेताचा आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात पडणारा. काळ्या रानातल्या वाटा तेव्हा आठ-दहा दिवस बंद पडतात, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये झाला तसा एखादा धुमाकूळ भीमा-सीनेच्या काठच्या लोकांच्या जन्मभर लक्षात राहतो. पण एरवी पावसाने शाळा बुडण्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. दिवाळी झाली की वाटा वाळतात, हवा सुखाची होते, आणि नेमकी त्याच वेळी माणसे जागची हलू लागतात. कोणी ऊस तोडायला बाहेर जाते, कोणी ऊस तोडायला इकडे येते, मेंढरांचे वाडे चाऱ्यामागे निघतात, ज्वारी निसवली, म्हणजे कणसे बाहेर पडली, की तिच्या राखणीला घरातले लहानगे बसते. शिक्षक वेळेवर शाळेत पोहोचतो आणि मुले तिथे नसतात. म्हणून आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रवासाचे दोन भाग पडतात : घर ते शाळा हा एक आणि शाळा ते मूल हा दुसरा. पहिल्याची काळजी सगळेच करतात. पट टिकणार की नाही हे दुसऱ्यावर ठरते.

माझी नोकरी ३३ वर्षांची झाली. १९८९ साली मी तुमच्याच पट्ट्यात, म्हणजे मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या, ज्या पस्तीस गावांच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला त्या भागात लागलो. पुढे करमाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी काही वर्षे काढली, आणि शेवटची वर्षे दक्षिण सोलापुरात केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटाचा प्रमुख, म्हणून गेली. जे सांगतो आहे त्यातले निम्मे चुकांमधून शिकलेले आहे, आणि पहिली चूक पहिल्याच हिवाळ्यातली आहे. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तेव्हा माझी नऊ मुले आली नाहीत. मी दीड महिना हजेरीपत्रकात त्यांच्यापुढे गैरहजेरी मांडत राहिलो आणि वस्तीवर विचारले की ‘गेल्यात ऊसाला’ एवढे उत्तर घेऊन गप्प बसलो. ऊसाला म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, असे मी धरून चाललो होतो. जानेवारीत ऊसतोडीची माणसे नेणाऱ्या एका मुकादमाशी सहज बोलताना कळले की त्यांतल्या सहा मुलांच्या कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, भीमेच्या काठाला, अठरा किलोमीटरवर, दर शनिवारी मी ज्या रस्त्याने घरी जात होतो त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या. मी रोज त्यांच्या नावापुढे खूण करत होतो आणि दर आठवड्याला त्यांच्या शेजारून जात होतो. नंतरच्या नोकरीत मी दिवाळीआधीच विचारून ठेवू लागलो : कोणता मुकादम, कोणता कारखाना, कोणत्या गावच्या शिवारात, आणि मूल बरोबर नेणार की आजीपाशी ठेवणार.

आता खोलीचा प्रश्न. पहिल्या हिवाळ्यापुरती तरी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, वस्तीवर नाहीतर जवळच्या मुख्य गावात खोली घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहण्याचा नियम आहे म्हणून मी हे म्हणत नाही; त्या नियमावरून आयुष्यभर जी कागदोपत्री नाटके पाहिली त्यांविषयी न बोललेले बरे. कारण साधे आहे. ज्या पालकांना तुम्हाला भेटायचे आहे ते दिवसा घरात सापडत नाहीत. शाळा पाचला सुटते, डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि माणसे रानातून परततात ती त्यानंतर. रोज ये-जा करणारा शिक्षक बरोबर त्याच वेळी परतीच्या रस्त्यावर असतो. म्हणजे रस्ता सर्वांत धोक्याचा असताना तो रस्त्यावर आणि घरे माणसांनी भरलेली असताना तो तिथे नाही, असा दुहेरी तोटा होतो.

शिक्षणसेवकाच्या सोळा हजारांच्या मानधनात दोन ठिकाणचे भाडे जड जाते हे मला कळते. पण वस्तीवरचे भाडे फार नसते, आणि पुष्कळदा ‘बाई राहणार असतील तर पैसे कशाला’ असे ऐकायला मिळते. तरीही भाडे द्याच, आणि महिन्याच्या महिन्याला द्या. फुकट राहणाऱ्याला पुढे कोणत्या ना कोणत्या भावकीच्या बाजूचे समजले जाते. घर पाहताना पत्र्याच्या नव्या खोलीपेक्षा जुन्या माळवदाच्या घरातली खोली निवडा. पत्रा रात्री गार पडतो आणि दुपारी तापतो. मातीचे माळवद आणि जाड भिंती दोन्हीला पुरून उरतात. शौचालय आणि आतून लागणारी कडी आधी पाहावी. शक्य तर अंगणवाडीताई किंवा आशाताई राहतात त्याच वाड्यात नाहीतर त्यांच्या शेजारी खोली शोधा. गावात कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचे जायचे ठरले आहे, कोणाची मुलगी लग्नाला लावली जात आहे, हे त्यांना इतर सर्वांच्या आधी ठाऊक असते.

तरीही ये-जा करावी लागली, तर एसटीचे हिवाळ्यातले गणित समजून घ्या. वस्त्यांच्या भागात खरा आधार मुक्कामी गाडीचा : रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी. पण ती तुमच्या उलट दिशेने चालते. सकाळी तालुक्याहून निघून साडेदहाच्या आत शाळेजवळ सोडणारी फेरी एखादीच असते, आणि हिवाळ्यात नेमकी तीच वारंवार रद्द होते. कारण शोधायला लांब जायला नको. कार्तिकीला गाड्या पंढरपूरला वळतात, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरकडे, पुढे माघीला पुन्हा पंढरपूरला. आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत शाळांच्या सहली असतात. सवलतीच्या दरात एसटी घेऊन मोठ्या गावची मुले किल्ले पाहायला जातात आणि त्या दिवशी वस्तीवरची शाळा बाईंची वाट पाहत बसते. यात दोष द्यावा असा कोणी नाही, पण वेळापत्रकाच्या पाटीवर विसंबू नये. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाशी ओळख ठेवावी आणि आदल्या संध्याकाळीच विचारावे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट आहे, तेवढा भार हलका होईल. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, त्या एका हिवाळ्यात आमच्या केंद्रातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षिकेने दुचाकी शिकून घेतली.

दुचाकीविषयी लिहिण्याआधी रस्त्याविषयी लिहितो, कारण गाडी कोणतीही घेतली तरी रस्ता तोच आहे. हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांचे मालक ऊसाचे ट्रॅक्टर असतात. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि मार्चपर्यंत एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा रचलेला ऊस, अशा रांगा कारखान्यांकडे चाललेल्या असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर लोंबणाऱ्या वाढ्याने, म्हणजे ऊसाच्या शेंड्यांनी, झाकलेला असतो, आणि रिफ्लेक्टर धुळीने माखलेला असतो. अंधारात समोरून मोठ्या दिव्याचे वाहन आले की डोळे दिपतात आणि पुढची ट्रॉली दिसतच नाही; दुचाकीस्वार मागून तिच्यात शिरतो तो असा. म्हणून नियम करा : दिवस मावळल्यावर चढाच्या रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉलीला ओलांडायचे नाही आणि तिच्या मागे चिकटूनही जायचे नाही. थांबावे, तिला पुढे जाऊ द्यावे, पाच मिनिटांनी निघावे.

याहून कमी बोलला जाणारा धोका दगडांचा. ट्रॉली पंक्चर झाली किंवा चढावर थांबली की चाकाखाली उटी म्हणून मोठे दगड लावतात, आणि ती निघून गेल्यावर दगड तसेच डांबरावर राहतात. करमाळ्याला असताना एका डिसेंबरात असल्याच दगडावर माझी गाडी गेली आणि हासळीचे हाड मोडले. पडलो त्या जागी मला उचलायला आली ती ऊसतोडीची माणसे होती, आणि त्यांतल्या एकाने सर्वांत आधी तो दगड उचलून बांधापलीकडे टाकला. तेव्हापासून रस्त्यात दगड दिसला की गाडी थांबवून तो बाजूला करण्याची मला सवय लागली आहे. घरातले लोक याला हसतात.

कालव्याच्या आणि नदीच्या काठाने सकाळी धुके असते, विशेषतः उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला. तिथे आठ वाजेपर्यंत दहा पावलांवरचे दिसत नाही असे दिवस मी पाहिले आहेत. तुमच्या भागात धुके कमी, वारा जास्त. तुमच्याकडच्या वाटांवर दुसरीच गंमत आहे. रब्बीचे पाणी सुटले की पाट फुटून कोरडी वाट मध्येच निसरडी होते. कालपर्यंत धूळ उडत होती म्हणून आज वेगात जाऊ नये, कारण रात्री कोणीतरी दारे धरून रानाला पाणी दिलेले असते. शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची असते, त्यामुळे ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात चौथीतली मोठी मुलेही बापाबरोबर बॅटरी धरायला जातात आणि सकाळी वर्गात पेंगतात. माझ्या वहीत विजेच्या पाळीची नोंद असे. पाढे पाठ न झाल्याबद्दल एखाद्याला रागावण्यापूर्वी मी ती पाहत असे.

करमाळ्याच्या बाजूला जे शिक्षक आहेत त्यांच्यासाठी एक ओळ : वळसा वाचवण्यासाठी इंदापूरकडून होडीने उजनीचे पाणी ओलांडण्याची पद्धत आहे, आणि मे २०२४ मध्ये कळाशी ते कुगाव दरम्यान वाऱ्याने होडी उलटून सहा जण बुडाले. हिवाळ्यात पाणी शांत दिसते म्हणून जीवरक्षक जाकिटाशिवाय बसू नये. करमाळा तालुक्यातच डिसेंबर २०२० मध्ये नरभक्षक बिबट्याने तिघांचे बळी घेतले, तेव्हापासून ऊसाच्या फडाच्या कडेने मुलांना एकटे सोडू नये हे पालकांना पटवावे लागत नाही. तुमच्या माळरानावर ती भीती कमी; तिथे लांडगा दिसला तर तो मेंढरांच्या मागे असतो, तुमच्या नव्हे.

थंडीचा बाऊ करण्याचे कारण नाही. पहाटेचा पारा साधारण पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि लाट आली की दहाच्या खाली-वर येतो. पण जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी लवकर निघालेल्याला दुचाकीवर ही थंडी हाडापर्यंत जाणवते. हातमोजे, कानटोपी आणि स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी एवढे पुरते. खोलीवर सोलापुरी चादर आणि त्यावर धनगरी घोंगडे असले की रजई लागत नाही. सराट्याचे काटे याच दिवसांत वाळून वाटेवर पसरतात आणि वेड्या बाभळीचा काटा तर बाराही महिने असतो, म्हणून ट्यूबलेस टायर आणि हवा भरायचा लहान पंप याला पर्याय नाही. दुचाकी कोणती, हा प्रश्न यातच निकाली निघतो : तुमच्या मुख्य गावातल्या मिस्त्रीला जी दुरुस्त करता येते ती. लहान चाकांची स्कूटर रानवाटेच्या चाकोऱ्यांत अडकते, एवढे मात्र ध्यानात असू द्या.

आता मुख्य गोष्ट, मुलांची. सत्तावीसांपैकी किती मुले जाणार हे दिवाळीच्या सुट्टीआधी कळले पाहिजे. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात आलेली असते. घरातली जुनी देणी फिटली, नवे पातेले आले, की ओळखावे. जोडप्याला एक कोयता म्हणतात, आणि घरी म्हातारे माणूस धडधाकट असेल तर कोयता जातो पण मूल मागे राहू शकते. त्यासाठी आजीशी बोलायचे असते. आई-बापाशी बोलून उपयोग होत नाही, कारण मूल सोबत नेण्यामागे बहुधा धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी हवे हेच कारण असते, आणि त्याची दुसरी व्यवस्था आजीच सुचवू शकते. पुरेशी मुले मागे राहणार असतील तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्यावा. ही समिती केवळ सहीपुरती मानू नका : कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि गेलेल्या मुलांचा पत्ता सर्वांत खात्रीने तिथेच मिळतो.

जी मुले जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या आणि ते आईच्या पिशवीत जाईल असे पाहा, कारण बापाच्या खिशातले कागद कोपीत टिकत नाहीत. कार्डावर नुसती इयत्ता न लिहिता मुलाला काय येते ते दोन ओळींत लिहा : जोडाक्षरे वाचतो, हातच्याची वजाबाकी येत नाही, असे. पलीकडच्या शिक्षकाला त्याचाच उपयोग होतो. पुस्तकेही बरोबर द्या. ती परत येणार नाहीत म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मार्चमध्ये पुस्तके कोरी राहतात आणि मूलही.

उलट बाजूने, भीमेकाठच्या शाळांकडे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तुमची बदली पुढे तिकडे झाली, किंवा केंद्रातल्या सहकाऱ्याला मदत हवी असली, तर दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे पडलेले शिकवून भरून काढायचे. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. टोळी पहाटे अंधारात फडात जाते, म्हणून मुले सकाळी कोपीत एकटी असतात आणि मोठी माणसे रात्री भेटतात. सकाळी मुलांना बोलवायचे आणि संध्याकाळी आई-बापांना सांगायचे, अशा दोन खेपा पहिल्या आठवड्यात कराव्या लागतात. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचा गरम भात आपले काम करतो.

राखणीची मुले हा वेगळा प्रकार. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की चिमण्या आणि राघूंचे थवे उतरतात, आणि गोफण घेऊन माळ्यावर बसणारे मूल सकाळचा पहिला प्रहर आणि दुपार कलल्यानंतरचा वेळ तिथेच असते. पाखरे त्याच वेळी येतात. भर दुपारी ते मोकळे असते. मी पालकांशी तंटा न करता अशा चार-पाच मुलांना अकरा ते तीन बोलवायचो आणि हजेरी पूर्ण मांडायचो. वरिष्ठांनी एकदा हरकत घेतली. मी त्यांना हुरडा खायला नेले आणि गोफण चालवणारे मूल वाचनही दाखवते हे पाहून ते काही बोलले नाहीत. हा मार्ग नियमात बसतो असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी उपटायला सगळे घर रानात जाते तेव्हा मात्र काही चालत नाही. त्या पंधरवड्यात नवा पाठ घेऊ नये, उजळणी घ्यावी. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, जिथे जिथे ती पाळतात तिथे, शाळेत मूल दिसणार नाही. त्या दिवशी वस्तीवरच्या कोणत्या तरी रानात तुम्हाला भज्जी आणि उंडे खायला बोलावतील. आमंत्रण नाकारू नका, पण एका घरी पोटभर जेवू नका. दहा घरी घास-घास खावे लागते.

धनगरांच्या मुलांचे मला कधीच नीट जमले नाही, हे कबूल करतो. मेंढरांचा वाडा आज इथे असतो, चार दिवसांनी पुढच्या शिवारात. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्याशी संध्याकाळी बोलत राहणे, आणि वाडा उन्हाळ्यात परतला की न रागावता वर्गात बसवून घेणे, याच्या पलीकडे मला काही साधले नाही.

संध्याकाळच्या गृहभेटींविषयी. जा, पण एकट्या जाऊ नका आणि रोज जाऊ नका. आठवड्यातले दोन वार ठरवा, ते वस्तीला कळू द्या, आणि बरोबर अंगणवाडीताईंना नाहीतर समितीवरच्या एखाद्या आईला घ्या. निघताना खोलीच्या मालकिणीला कोणत्या वस्तीवर जाता ते सांगावे आणि साडेसातच्या आत परतावे. रानातल्या घरांना कुत्री असतात आणि ती दावणीपाशी मोकळी सोडलेली असतात. गाडी लांब थांबवून, दिवा बंद न करता, मोठ्याने हाक मारावी आणि घरातून कोणी ‘या बाई’ म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकू नये. ओट्यावर पुरुषच बसलेले असतील तर उभ्याउभ्याच दोन शब्द बोलून चुलीपाशी जावे. मुलाविषयीचे खरे बोलणे तिथेच होते. चहाला नाही म्हणू नये, अर्धा कप म्हणावे. सीमेकडच्या काही घरांत कन्नड बोलतात, ‘ऊटा आयता?’ (जेवण झाले का?) एवढे विचारले तरी आजीचा चेहरा खुलतो. आणि तुम्हाला एक सोय आहे जी मला नव्हती : संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकवाचे दिवस. एका शनिवारी शाळेतच हळदी-कुंकू ठेवा. ज्या आयांना भेटायला मला महिनाभर वस्त्या पालथ्या घालाव्या लागत, त्या एका दुपारी आपल्या पायांनी वर्गात येतील, आणि वाण म्हणून पेन्सिल-रबर दिले तरी कोणी नावे ठेवणार नाही.

शाळेतल्या थंडीविषयी थोडेसे. उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत दुपारपर्यंत गारठा असतो आणि अर्ध्या मुलांच्या अंगात स्वेटर नसतो. परिपाठ आणि पहिले दोन तास अंगणात उन्हात घ्यावेत. मुलांच्या पाठी उन्हाकडे असाव्यात, नाहीतर डोळ्यांवर तिरीप येऊन ती फळ्याकडे पाहत नाहीत. पाय आणि ओठ उललेल्या मुलांसाठी खोबरेलाची बाटली कपाटात असू द्या. गावातल्या कोणा दात्याकडून स्वेटर मिळणार असतील तर सगळ्या मुलांना मिळतील तेव्हाच वाटा. निम्म्यांना दिलेले स्वेटर उरलेल्या निम्म्यांना घरी बसवतात.

गृहभेटींना मात्र सर्वांत चांगला दिवस शनिवार. शाळा सकाळची असते, हातात लख्ख दुपार असते, आणि तालुक्याला परतायचे असले तरी उजेडात परतता येते. पहिल्या शनिवारी सुरुवात कुठून करावी हे पटावरून ठरवू नका. सर्वांत लांबून चालत येणारे मूल कोणते ते वर्गात विचारा, दुचाकी शाळेपाशीच राहू द्या, आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर, त्याच्या वाटेने, त्याच्या चालीने घरापर्यंत चालत जा. वाटेत कोणते कुत्रे अंगावर येते, पाट कुठे फुटतो, कोणत्या विहिरीला कठडा नाही आणि कोणत्या घराला आजच कुलूप लागले आहे, हे सगळे ते मूल तुम्हाला सांगत जाईल. परत येताना त्याचे आजोबा बांधापर्यंत सोडायला येतील. कोण कोण ऊसाला निघाले आहे, हे त्यांना तिथे विचारा.